पाडकामाचा शुभारंभ

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता, आणि त्या दिवशी तिने आपल्या वडिलांना चारचौघांत "अहो कंत्राटदार" अशी हाक मारली.

"अहो कंत्राटदार, जरा हळू. पलीकडे मुलं वाचत बसलीयेत."

"हो मॅडम," बाबा म्हणाले, आणि हातोडी कमरेच्या पट्ट्यात खोचून दोन पावलं मागे सरले. इतक्या अदबीने सरले की ग्रंथालयाच्या शिपायाला त्यांची दया आली. नंतर तो तिला म्हणालाही, "बाई, तुम्ही फार कडक बोलता बुवा. म्हातारा माणूस आहे बिचारा."

ती ह्या ग्रंथालयात वीस वर्षं ग्रंथपाल होती. मुलाखतीच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?" तिने एक क्षण, अगदी एकच क्षण, विचार केला आणि उत्तर दिलं, "बांधकामात आहेत."

"वा! म्हणजे उभारणाऱ्यांच्या घरातल्या तुम्ही!" अध्यक्ष खूश झाले. नोकरी लागली. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे पुढे कुणाला काही कळायचं कारणच उरलं नाही.

बाबांनी उभ्या आयुष्यात एका विटेवर दुसरी वीट ठेवली नव्हती. ते पाडकाम करत. जुनी घरं, गोदामं, पाण्याच्या टाक्या, एक थिएटर, आणि एकदा तर स्वतः शिकलेली शाळा. तीही कसलेही उमाळे न येऊ देता, वरून खाली, शिस्तीत. तिने हा धंदा लपवण्यामागे तसं काही मोठं कारण नव्हतं. शाळेत असताना बाबा धुळीने पांढरे होऊन तिला न्यायला आले की पोरी "भूत आलं" म्हणायच्या, एवढंच. जगातल्या थोर कादंबऱ्यांतली लबाड माणसं तिला पहिल्या पाच पानांत ओळखू यायची. स्वतःला ओळखायला मात्र वीस वर्षं पुरली नव्हती.

आणि मग ग्रंथालयाची जुनी बाजू पाडायचं ठरलं. जुनी बाजू आणि नवा वाचनकक्ष एकमेकांना चिकटून होते. एक पाडायचं आणि दुसऱ्याला ओरखडाही उठू द्यायचा नाही, असलं काम गावात एकच माणूस धड करत होता. काम त्याच्याकडेच गेलं. बाबांनी तिच्या घरी येऊन स्वतःहूनच सांगून टाकलं, "तू काळजी करू नकोस. तिथे मी तुला ओळखणार नाही. तुझ्या काकालाही सांगून ठेवलंय."

ह्यावर पोटच्या मुलीने काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं."

तर त्या मंगळवारी बाबा जुन्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीशी उभे होते. पायाशी एक जाड पोतं अंथरलेलं, आणि त्यावर हत्यारं मांडलेली: आधी छोटी हातोडी, मग छिन्न्या रुंदीप्रमाणे, मग दोन पहारी, मग लहानमोठे तीन घण, आणि सगळ्यात शेवटी काँक्रीट फोडायचा विजेवरचा ब्रेकर. वापरायची ती ह्याच क्रमाने. लहान हत्यार आधी, मोठं शेवटी. मोठ्या हत्याराने सुरुवात करणाऱ्या माणसाला बाबा कसाईसुद्धा म्हणत नसत. म्हणत, "कसायाला निदान सांधे कुठे असतात ते ठाऊक असतं."

ते छोट्या हातोडीने भिंतीवर टकटक करत, कान लावत, पुढे सरकत आणि तेलकट लाल खडूने खुणा करत. फुली म्हणजे हात लावायचा नाही. बाण म्हणजे इथून सुरुवात. शिपाई, दोन कारकून आणि अध्यक्षांचा चालक हे कौतुकाने बघत होते. बाबा एका जागी थांबले, पुन्हा टकटक केलं आणि तिच्याकडे वळले.

"मॅडम, इकडे या. हे ऐका."

"मला कशाला?"

"ऐका तर. इथे भरीव. इथे भरीव. आणि हे?"

आवाज बदलला. बारीक, धातूचा, दातात कळ गेल्यासारखा.

"आत लोखंडी गर्डरचं टोक बसलंय," बाबा म्हणाले. "तो इथे संपत नाही बरं का. मधल्या भिंतीवरून सरळ पलीकडे गेलाय, तुमच्या वाचनकक्षाच्या छतात. बागेत पोरांची ती वरखाली होणारी फळी असते ना? तसं. ही भिंत आधी फोडली तर हे टोक खाली येणार आणि तिकडचं वर उसळणार, छत घेऊन. म्हणून आधी तिकडे टेकू लावायचे, मग मधे गर्डर कापायचा, आणि मग ह्या भिंतीला हात."

"हे तुम्ही अभियंत्यांना सांगा ना."

"सांगतो. पण कुणीतरी लक्षात ठेवणारं पण पाहिजे. तुमचं पाठांतर चांगलं दिसतंय," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे हसत होते. ती मात्र आजूबाजूला कोण बघतंय ते बघत होती. त्यांनी खडूने तिथे मोठी फुली मारली आणि भोवती गोल काढला.

संध्याकाळी ती आईकडे डोकावली तर बाबा टेबलाशी बसून म्हणाले, "मॅडम, जरा पाण्याचा तांब्या इकडे सरकवता का?" आईने कपाळाला हात लावला. "काय मेला खेळ मांडलाय बापलेकीनं!" तिघंही हसली. तिनेही हसण्यात सुटका करून घेतली.

बुधवारी बाबा यंत्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथेच गेले.

म्हणजे ज्या माणसाच्या अंगावर चाळीस वर्षांत भिंत पडली नाही, छत पडलं नाही, साधी वीट पडली नाही, तो एका गुबगुबीत खुर्चीत, वातानुकूलित मंडपात, हातात माहितीपत्रक धरून गेला. समोर निळा टाय लावलेला विक्रेता त्यांना नवं मशीन समजावत होता: चार पाय, एक लांब हात, हाताच्या टोकाला ब्रेकर, माणसाने लांब उभं राहून नुसती बटणं दाबायची. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याला ऐकू येतं का?" विक्रेता म्हणाला, "साहेब, ऐकू येत नाही, पण रिमोट मोबाइलला जोडता येतो." ह्यानंतर बाबा काही बोलले नाहीत. गिऱ्हाईक विचारात पडलंय असं समजून विक्रेता आणखी चार मिनिटं तेलाच्या दाबाविषयी बोलत राहिला.

हे सगळं त्याने स्वतःच घरी येऊन सांगितलं. भेटायला आला तेव्हा चेहरा लांब होता आणि बगलेत माहितीपत्रकं होती.

"साहेबांचे शेवटचे शब्द आमच्या मशीनबद्दलच होते," तो काकांना म्हणाला, आणि त्याने एक माहितीपत्रक पुढे केलं.

धाकटे काका तसे वाईट नव्हते. चाळीस वर्षं थोरल्या भावाच्या मागे हत्यारं उचलून त्यांची पाठ गेली होती, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांना एकदाही पहिला घाव घालायला मिळाला नव्हता. पंधरवड्यात मशीन दारात आलं. मशीनला माणसं लागत नाहीत, म्हणून बाबांच्या जुन्या मुकादमाला घरी बसवलं. भिंतींची भाषा कळणारा बाबांच्या मागे तो एकटाच होता. छिन्न्या, पहारी, घण सगळं त्या पोत्यात गुंडाळून जिन्याखाली गेलं. आई म्हणाली, "राहू दे गं. त्यालाही एकदा काहीतरी पाडू दे मनासारखं."

ती तीन आठवडे रजेवर होती. ह्या काळात ग्रंथालयाच्या फलकावर दोन सूचना शेजारी शेजारी लागल्या. पहिली: "आमच्या ग्रंथपाल यांच्या वडिलांचे, बांधकाम क्षेत्रातील एका आधारवडाचे, दुःखद निधन. संस्था त्यांच्या दुःखात सहभागी आहे." दुसरी: "पाडकामाच्या कंत्राटदाराचे अचानक निधन झाल्यामुळे काम लांबले आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दोन्हींवर तारीख एकच, टाचण्यासुद्धा एकाच डबीतल्या. शेकडो वाचक त्या फलकासमोरून रोज गेले. सगळे चिकित्सक, सगळे व्यासंगी. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

रजा संपवून ती कामावर आली तो दिवस नेमका पाडकामाच्या शुभारंभाचा निघाला.

आवारात छोटा मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. भिंतीसमोर लाल फीत. एका ताटात मखमलीवर चांदीच्या रंगाची छोटी हातोडी, अध्यक्षांनी प्रतीकात्मक घाव घालावा म्हणून. फितीच्या मागे ते चार पायांचं मशीन, नाकतोड्यासारखं दबा धरून. आणि त्याच्या मागे भिंत. पांढरीशुभ्र.

तिने शिपायाला विचारलं, "भिंतीला रंग कुणी दिला?"

"काल दिला बाई. दोन हात मारले. अध्यक्ष म्हणाले, फोटोत फार कळकट दिसतेय."

"पाडायच्या भिंतीला?"

"फोटो राहणारच की पुढे," शिपाई म्हणाला. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

"आणि त्या खडूच्या खुणा?"

"त्याच तर दिसत होत्या घाण. म्हणून तर दोन हात."

ती काकांकडे गेली. काका नवा कोरा शर्ट घालून, रिमोट पोटाशी बांधून उभे होते. शेजारी निळा टाय.

"काका, टेकू लावलेत पलीकडे?"

काकांनी आधी आजूबाजूला बघितलं. थोरल्या भावाचा शब्द ते अजून पाळत होते. "नमस्कार मॅडम," ते मोठ्याने म्हणाले आणि मग ओठ न हलवता, "कसले टेकू?"

"गर्डर आहे आत. बाबांनी फुली केली होती. इथे आधी हात लावायचा नाही."

"अगं, दादा जुन्या काळातला माणूस. त्याची प्रत्येक भिंतीवर एक फुली असायची. ह्या मशीनला सांधेबिंधे बघावे लागत नाहीत. आणि अभियंत्यांचं पत्र आहे माझ्याकडे."

पत्र होतं खरं. अभियंत्यांनी ते भिंतीचा फोटो बघून दिलं होतं, आणि तोही रंग दिल्यानंतरचा.

ती वाचनकक्षात धावली. आत साठ मुलं परीक्षेच्या अभ्यासाला बसली होती. पलीकडे भिंत पडताना कक्ष बंद ठेवावा का, हा विषय मंडळाच्या सभेत निघाला होता. पण "ज्ञानयज्ञात खंड नको" असं अध्यक्ष म्हणाले होते, शिवाय खिडकीतून टाळ्या वाजवायलाही माणसं लागणार होती.

"सगळे बाहेर चला. लगेच. छताला धोका आहे."

साठ माना वर झाल्या आणि साठ माना खाली गेल्या.

"बाई, पहाटेपासून जागा धरलीय," खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली. "उठलो तर गेली. तुमचाच तर बोर्ड आहे."

बोर्ड तिचाच होता: जागा सोडल्यास हक्क राहणार नाही. सुवाच्य अक्षरात, दोन रंगांत.

"मी सांगतेय ना, तुमच्या जागा राहतील!"

"मागच्या वेळी वीज गेली तेव्हा पण असंच म्हणाला होतात तुम्ही," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. कुणीही हललं नाही.

ती परत आवारात आली तेव्हा अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं. ही वास्तू आपल्या हृदयात कशी अभंग राहील, ते ते सांगत होते. ती व्यासपीठाच्या कडेला जाऊन त्यांच्या कानाशी लागली.

"साहेब, काम थांबवा. ह्या भिंतीतला गर्डर वाचनकक्षाच्या छतात गेलाय. ही भिंत आधी फोडली तर तिकडचं छत उचललं जाईल."

अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवला. "बाई, तुम्ही दुःखात आहात. सगळ्यांना कल्पना आहे. बसा तुम्ही."

"मी खरंच सांगतेय."

"पण तुम्हाला कसं ठाऊक हो हे?"

आता "बाबांनी सांगितलं" एवढंच बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम. पण वीस वर्षांची सवय तिच्या आधी बोलली.

"वाचलंय," ती म्हणाली. "एका पुस्तकात."

"कोणत्या?"

मंडळाचे सदस्य, एक निवृत्त प्राध्यापक, शेजारीच बसले होते. त्यांनी मान पुढे काढली. पुस्तकाचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. ती म्हणाली, "जुन्या इमारतींची... रचना आणि... उतरवण्याची पद्धत." आयुष्यात पहिल्यांदाच तिने एका पुस्तकाची थाप मारली होती, आणि तीही धड जमली नव्हती.

"आपल्याकडे असं पुस्तक नाही," प्राध्यापक म्हणाले. "तुम्हीच केलेली यादी मी अथपासून इतिपर्यंत वाचलीय."

"बसा बाई," अध्यक्ष मायेने म्हणाले. फीत कापली. टाळ्या झाल्या. चांदीच्या हातोडीने त्यांनी भिंतीवर एक टिचकी मारली आणि फोटो नीट येईपर्यंत ती तशीच भिंतीला टेकवून ठेवली. मग हातोडी ताटात परत गेली, मंडळी मागे सरली, आणि काकांनी बटण दाबलं.

मशीनचा हात वर गेला, डुलला, आणि भिंतीवर येऊन आदळला. रंगाचा पापुद्रा सुटला. खाली लाल खडूची एक रेघ दिसली. गोलाचा तुकडा. दुसरा घाव. वाचनकक्षाच्या बाजूने बारीकशी कुरकुर ऐकू आली, जुनं कपाट उघडताना होते तशी. लोकांनी ती ऐकली आणि आनंदाने माना डोलावल्या. पाडकाम चाललंय म्हटल्यावर आवाज हा व्हायचाच.

तिला ती कुरकुर पायांत जाणवली.

ती फीत ओलांडून चालत गेली आणि मशीनचा हात आणि भिंत ह्यांच्या मधे उभी राहिली. चालत गेली ती घाईने नाही, वाचनकक्षात कुणी बोलत असलं की जशी जायची तशी. तिसऱ्यांदा वर गेलेला हात हवेत थबकला. काकांचा चेहरा रंग दिलेल्या भिंतीइतका पांढरा झाला.

"अगं बाजूला हो!" ते ओरडले, आणि ओरडताना मॅडम म्हणायचं विसरले.

"बाई, हे काय चालवलंय?" अध्यक्ष ध्वनिक्षेपकातूनच म्हणाले, त्यामुळे ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

तिने उत्तर दिलं नाही. ताटातली चांदीची हातोडी उचलली. शोभेचीच होती ती, दांडा हलत होता. तिने भिंतीवर टकटक केलं. इथे भरीव. एक पाऊल सरकून पुन्हा. भरीव. तिने कान लावला, गालाला रंग लागला. आणखी एक पाऊल. मग तो आवाज आला, बारीक, धातूचा, आणि ध्वनिक्षेपक जवळच असल्यामुळे साऱ्या आवाराच्या दातांत कळ गेली.

निळ्या टायने माहितीपत्रकं बगलेत दाबली.

"आत लोखंड आहे," काका हळूच म्हणाले. चाळीस वर्षं त्या टकटकीच्या मागे उभा राहिलेला माणूस होता तो. आवाज कळत नव्हता असं थोडंच होतं. त्यांनी रिमोट बंद केला आणि पोटावरचा पट्टा सोडला. "थांबवलं मी. पोरांना बाहेर काढा कुणीतरी."

शिपाई धावला. वाचनकक्षाच्या दारात मुलं दिसायला लागली, प्रत्येकाच्या बगलेत स्वतःची खुर्ची.

निवृत्त प्राध्यापक उठून तिच्याजवळ आले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग हातोडीकडे, मग चष्म्यावरून तिच्याकडे. ते चिडलेले नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, हे पुस्तकातलं नाही. हे तुम्ही कुठे शिकलात?"

तिने हातोडी ताटात ठेवली. आवाज लागला, वाचनकक्षाच्या दारापर्यंत पोचेल एवढा.

"माझ्या बाबांकडून. मागच्या महिन्यात ह्या भिंतीपाशी जे उभे होते, ते. तुमचं काम ज्यांच्यामुळे लांबलं. ते बांधकामात नव्हते, मी खोटं बोलले. ते पाडकाम करायचे, फार चांगलं करायचे, आणि मी त्यांची मुलगी आहे."